शंभर रुपयांत आपलाच सडा

मे महिना लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. पुण्याचे लोक म्हणतात, काय बाई नशीबवान तुम्ही, मे महिन्यात रत्नागिरीत! त्यांना पेटीतला हापूस दिसतो. विहिरीचा तळ, दुपारी हात लावू देत नाही अशी जांभ्याची भिंत आणि अंगाला चिकटून बसलेला घाम त्यांच्या पेटीत येत नाही. काल शेजारीण गडग्यापलीकडून म्हणाली, "काय उकडतंय हो!" मी म्हटलं, "मे महिन्यात काय हुडहुडी भरणार?" बिचारी आत निघून गेली. मला वाईट वाटलं, पण हाक मारून परत बोलावण्याइतकं नाही.

माझा स्वभावच असा, आणि उन्हाळ्यात तो उतू जातो. चौतीस वर्षं मुलींच्या हायस्कूलात पी.टी. शिकवली. माझ्या हाताखालून गेलेल्या बायका आज आज्या झाल्यात, तरी बाजारात मी दिसले की पाठ ताठ करतात. असो. आज सकाळी सड्यावरून जळक्या गवताचा वास खाली आला. कोणीतरी बागेला आग लागू नये म्हणून कडेचं गवत जाळत असणार. त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा तो अख्खा मे महिना माझ्या नाकातोंडात शिरला, आणि हातातला चहा गार झाला.

आमचा सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा सपाट कातळ. पावसाळ्यानंतर त्याच्यावर इवलीइवली फुलं येतात, तेव्हा शहरातली माणसं पोटावर झोपून त्यांचे फोटो काढतात. त्यांना म्हणावं, मेमध्ये या. मातीचा पापुद्रा नाही, काळाठिक्कर जांभा, मधेमधे पिवळं गवत, करवंदीच्या जाळ्या, आणि सावलीच्या नावाने एक वाकडा काजू. चप्पल घालूनसुद्धा तळवे भाजतात. वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायला हवं? पाखाडीच्या शंभरेक पायऱ्या चढलं की झालं.

त्या वाळवंटात माझ्या दिराने गोल्फचं मैदान काढलं.

दीर म्हणजे अरविंद, माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. राग आला की अहोजाहो फार उपयोगी पडतं. हा माणूस सव्वीस वर्षं आखातात एका कंपनीच्या गोदामात होता. तिथे शुक्रवारी सुट्टीला म्हणे साधे कारकून, ड्रायव्हर, वायरमन वाळूत गोल्फ खेळायचे. गवत कुठून आणणार? तर वाळूवर तेल ओतून ती दाबायची, सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत करायची, आणि मध्ये गल, गोट्या खेळायला करतात तसा खड्डा. हे खूळ डोक्यात घेऊन तो निवृत्त होऊन घरी आला. मच्छीमार बोटींचं जळकं तेल पिंपातून वर नेलं, खाडीची वाळू नेली, कळकाच्या नऊ काठ्यांना लाल फडकी बांधली, आणि काजूखाली टेबल टाकून पाटी लावली: कोणीही या, शंभर रुपये, काठ्या आमच्या. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. पावसात तिथे डबकीच डबकी, तेव्हा बेडूक खेळतात.

गावाला वाटलं, अरविंदाला ऊन लागलं. पण लोक यायला लागले! शाळामास्तर, बँकेतले कारकून, आंब्याचे दलाल, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर तिघे तिघे बसून जयगडच्या बंदरातली पोरं. मी खालून अंगणातून बघायची आणि जळफळायची. माझी हरकत गोल्फला नव्हती. हरकत अशी की सडा एकट्या त्याचा नव्हता. सातबाऱ्यावर दोन नावं होती. एक त्याचं, दुसरं माझं.

माझा नवरा, माधव, त्या मे महिन्याच्या चार वर्षं आधी गेला. वारस म्हणून त्याच्या जागी माझं नाव लागलं. आम्हाला मूल नाही. तेराव्याचे पाहुणे गेले आणि पंधराव्या दिवशी भाऊजी कागद घेऊन आले, हक्कसोडपत्र. "वहिनी, नुसती औपचारिकता आहे." मी म्हटलं, औपचारिकता असेल तर राहू द्या. मग दर मे महिन्यात पहिल्या पिकलेल्या आंब्यांबरोबर तो कागद यायचा. आंबे ठेवून घ्यायचे, कागद परत पाठवायचा. भाऊजींची बायको, मुलं, गावातले मध्यस्थ, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: तुमच्यामागे आहे कोण, शेवटी त्याच्याच मुलांना जाणार ना? माणूस जिवंत असताना त्याच्या मागचं बोलायची ही पद्धत कुठून आली देव जाणे.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मी सही करणार होते. थकले होते. एकटीच्या घरात दुपारी भांड्याचा आवाज झाला तर तोही आपणच केलेला असतो. गावात ताठ मानेने भांडायलाही घरी कोणीतरी लागतं, ज्याला येऊन सांगता येईल की आज मी असं बोलले. माझ्याकडे ते माणूस राहिलं नव्हतं. भाऊजींना फोन करून म्हटलं, कागद तयार ठेवा, मी येते. ते म्हणाले, संध्याकाळी चारला मैदानावरच या, मी तिथेच असतो. पर्समध्ये पेन टाकलं आणि पाखाडी चढले.

काजूखाली टेबलाशी शांताराम बसला होता. आयुष्यभर चिरेखाणीत चिरे काढले, आता पाठ वाकल्यावर मैदान सांभाळतो. गडी प्रामाणिक, इतका की त्याच्या प्रामाणिकपणाचा वैताग येतो.

"काकू, शंभर."

"कसले शंभर?"

"आत जायाचे. दादांनी सांगितलाय, कोन पन येऊंदे, पावतीशिवाय सोडायचा नाय."

"मी कोण आहे ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक हाय वो. पन दादा म्हनले, कोन पन."

रांगेत मागे दोघे-तिघे उभे होते. त्यातला एक हसला. झालं! माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेली. माझ्या नवऱ्याच्या वाडवडिलांचा सडा, सातबाऱ्यावर माझं नाव, आणि मला तिकीट! शंभराची नोट टेबलावर आपटली. "फाड पावती. आणि काठ्या दे. शंभर दिलेत तर शंभराचं खेळणार."

"तुमी खेळणार?"

"का, पाटीवर बायकांना बंदी लिहिली आहे का?"

त्याने एक पिशवी खांद्याला मारली आणि माझ्याबरोबर निघाला. पिशवीत चार काठ्या, एक चेंडू आणि हातभर हिरवी प्लास्टिकची चटई, मंगल कार्यालयाच्या दारात अंथरतात तशी. कातळावर काठी मारली तर काठीही जाईल आणि मनगटही, म्हणून चेंडू जिथे पडेल तिथून उचलून या चटईवर ठेवायचा आणि मारायचा. स्वतःचं हिरवळीचं आसन बगलेत घेऊन फिरायचं, असा तो खेळ. पहिल्या फटक्याला मात्र पाइपाचं रबरी कडं मिळतं, चेंडू त्याच्यावर बसवायचा.

मी आयुष्यभर खो-खो, लंगडी, लेझीम शिकवलेली बाई. मला वाटलं, पडलेला चेंडू मारायचा, त्यात काय आहे? पहिला फटका हवेत गेला. दुसराही हवेत. तिसऱ्याला चटई उडाली. शांताराम आभाळाकडे बघत होता. चौथा लागला. कातळावर ठण्ण करून आदळला, पुन्हा उसळला, तिसऱ्या उडीत दिशा बदलून करवंदीच्या जाळीत घुसला. गवतावर चेंडू माणसाचं ऐकत असेल, जांभ्यावर तो कोणाचंच ऐकत नाही. जाळीत हात घालून चेंडू काढला तेव्हा मनगटावर चार ओरखडे आणि मुठीत तीन करवंदं होती. करवंदं खाल्ली. निदान तीतरी फुकट मिळाली.

दुसऱ्या गलीकडे जाताना शांताराम हळूच म्हणाला, "काकू, एक बोलू? रागवायचा नाय."

"बोल."

"पावती कशाला घेतलात?"

"म्हणजे?"

"पावती फाडलात म्हंजे तुमी गिऱ्हाईक झालात ना वो. उद्या दादा कोर्टात दाखवतील. म्हनतील, मालकीन असती तर पैसे कशाला दिलान?"

मी जागच्या जागी उभी राहिले. आमच्याकडे प्रत्येक माणूस अर्धा वकील असतो. चार पिढ्या बांधांवरून भांडल्यावर कायदा दुधातून येतो. मलाही तो यायला हवा होता. पण मी रागाच्या भरात, चार साक्षीदारांसमोर, स्वतःच्या जमिनीत शिरायचे पैसे भरून त्याची छापील पोच घेतली होती. याला म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. त्या क्षणी मला भाऊजींपेक्षा माझाच जास्त संताप आला. पावती तोंडात घालून चावून टाकावीशी वाटली.

पण मग मनात आलं, सही तर करायलाच आलेय. मग पावतीचं दुःख कशाला? हे मनात आलं आणि त्याचंही फार दुःख झालं.

तिसऱ्या गलीजवळ टिटवी अंगावर आली. मेमध्ये ती उघड्या कातळावर अंडी घालते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने बोंब ठोकते. शांतारामने तिच्या अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं होतं. त्या कड्यात चेंडू गेला तर सोडून द्यायचा, नवा घ्यायचा, असा इथला नियम. ती माझ्या डोक्यावरून तीनदा ओरडत गेली. मी म्हटलं, ओरड बाई ओरड, तुझ्याकडून कोणी कागदावर सही मागत नाही तोवर ओरडून घे.

चौथ्या गलीवर बंदरातली दोन पोरं होती. काळीकुट्ट उन्हाने रापलेली, पायात कामाचेच बूट. त्यांनी मला पुढे जायला वाट दिली आणि माझे फटके बघून त्यांना राहवेना. त्यातला एक म्हणाला, "मावशी, डोकं खाली ठेवा. चेंडू गेला तरी वर बघायचं नाय." चौतीस वर्षं मी मुलींना ओरडत आले, डोकं वर, छाती पुढे! आता हा कालचा पोरगा मला डोकं खाली घालायला सांगत होता. रागाने का होईना, ऐकलं. चेंडू सुळकन सरळ गेला, कातळावरून टणाटण उड्या मारत थेट लाल फडक्याच्या अंगणात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला, हे कबूल करताना आजही जीभ अडखळते. भाऊजींनी काढलेल्या मैदानावर मला आनंद व्हायला नको होता.

यंदाही सड्यावर फडकी लागलीत. माझ्या अंगणातून तीन दिसतात. कधीकधी एखादा चेंडू कड्यावरून माझ्या परसात येतो, मग कोणीतरी वरून ओरडतं, "काकू, बॉल!" मी तो धुऊन खिडकीत ठेवते आणि येईल त्याला आधी दोन शब्द सुनावून मग देते. भाऊजींशी माझं बोलणं हवापाण्याच्या पलीकडे जात नाही. रस्त्यात भेटले तर ते म्हणतात, यंदा मोहोर बरा होता. मी म्हणते, हो, पण फळ गळलं.

त्या दिवशी सहाव्या गलीनंतर मी थांबले, कारण मला ती जागा ओळखू आली. तिथे कातळ सरळ पसरलाय, खड्डा नाही, भेग नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी जिल्ह्यात धावणारी मुलगी होते. सासरी सुनेने धावायचं म्हणजे पाठीमागे कुत्रं लागलेलं हवं. माधव पोस्टात कारकून, बोलायला अगदी मऊ. पण त्याने एका पहाटे मला उठवलं आणि म्हणाला, चल सड्यावर. सुंभाची दोरी आणली होती. शंभर मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ ओढली आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. मी सहावारी पोटरीपर्यंत खोचून धावले. सासूबाईंना सांगायचं, सुकं शेण गोळा करायला जातोय. आणि खरोखर रोज टोपलीभर शेण घेऊन यायचं, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप नको. तीन वर्षं असं चाललं. त्या शेणाच्या गोवऱ्यांवर सासूबाई पाणी तापवायच्या आणि सुनेचं कौतुक करायच्या.

चुन्याच्या रेघा केव्हाच गेल्या होत्या. मी काठी शांतारामच्या हातात दिली आणि पावलं टाकत निघाले. माझं पाऊल मला माहीत आहे, आयुष्यभर मैदानं आखलीत. एकशे बत्तीस पावलं. बरोबर त्या जागी, जिथे माधव घड्याळ धरून उभा असायचा, तिथे कातळाला एक पायरी आहे. त्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने रडले. चार वर्षांत गावासमोर रडले नव्हते. शांताराम लांब पाठ करून उभा राहिला, त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ.

डोळे पुसून सातवी गल खेळले. वाईट खेळले. आठवीवर भाऊजी आले, खांद्याला स्वतःची बॅग, डोक्यावर आखाती टोपी.

"अहो वहिनी, तुम्ही खेळताय? मी तिकडे टेबलाशी वाट बघतोय!"

"पावती आहे माझ्याकडे."

त्यांनी शांतारामकडे बघितलं. "गाढवा, वहिनींची पावती फाडलीस?"

"तुमीच म्हनलात ना दादा, कोन पन."

"वहिनी, शंभर परत देतो."

"नकोत. माझा खेळ व्हायचाय अजून."

मग ते बरोबर चालायला लागले. स्वतःचा चेंडू टाकला, एक फटका मारला. मला मान्य करायला हवं, छान मारला. मारताना त्या माणसाचा चेहरा वेगळाच होतो, कपाळावरची आठी जाते. सव्वीस वर्षं परक्या मुलखात, आठ जणांच्या खोलीत राहिलेल्या माणसाला आठवड्यातली ती एक सकाळ काय वाटत असेल, हे मला त्या क्षणी कळलं. मैदान त्यांनी हौसेने काढलं होतं, लबाडीने नाही. पण म्हणून काय मी माझं नाव पुसून द्यायचं?

"कागद बॅगेतच आहे," ते म्हणाले. "एवढं झालं की पाच मिनिटांचं काम. मैदानाच्या सरकारी परवानगीला एकाच नावाचा उतारा असला की सोपं जातं हो. आणि खरंच सांगा वहिनी, तुमच्यामागे आहे कोण?"

"माझ्यामागे? आत्ता तरी तुम्हीच आहात. जरा पुढे व्हा, मला काठी फिरवायचीय."

ते पुढे झाले. नववी गल काजूजवळ, टेबलासमोर आहे. ऊन उतरलं होतं, समुद्राकडून वारा सुटला होता, आणि टेबलाशी ती बंदरातली पोरं, एक मास्तर आणि दोन दलाल सरबत पीत बसले होते. माझा चेंडू कसाबसा त्या तेलकट वाळूच्या गोलावर चढला आणि गलीपासून वीतभर अंतरावर थांबला. मी काठी घेऊन पुढे झाले तर भाऊजींनी हात वर केला.

"झालं वहिनी. दिला."

"काय दिला?"

"म्हणजे आता मारायची गरज नाही. एवढ्या जवळ असला की समोरचा म्हणतो, दिला. मग तो गेला असंच धरतात. मोठ्या मनाची रीत आहे खेळातली."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर मोठं मन होतं. मला तेच सहन झालं नाही. चार वर्षं हा माणूस मला असंच समजावत होता, की जे माझं आहे ते त्याने दिलेलं आहे, आणि त्याने दिलेलं मी परत केलं म्हणून काय बिघडलं.

"तुम्ही दिलेला मला नको," मी म्हटलं. "मी घालीन."

घातला नाही. चेंडू गलीच्या कडेला फिरून पलीकडे गेला. तिकडून मारला, कमी पडला. पुन्हा मारला, पुन्हा कडेला लागून बाहेर. "वहिनी, उगाच..." भाऊजी म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघे दुखत होते, मनगट सुजलं होतं. डोकं खाली ठेवलं. चौथ्या वेळी चेंडू गलीत पडला. आत दूध पावडरीचा डबा पुरलेला आहे, त्याचा टण्णकन आवाज आला. पोरं ओरडली. मास्तरसुद्धा उभा राहिला.

नऊच्या नऊ गली पुऱ्या करणाऱ्याचं नाव आणि फटके वहीत लिहायची इथली पद्धत आहे. शांतारामला लिहिता येत नाही, म्हणून वही भाऊजींनी पुढे ओढली. बॅग त्यांच्या मांडीवर होती, कागद बॅगेत होता. पेन त्यांना सापडेना, म्हणून मी माझ्या पर्समधलं दिलं.

"किती फटके?"

"एकशे अकरा."

"शंभर लिहितो. बरं दिसतं."

"एकशे अकरा."

त्यांनी एकशे अकरा लिहिले. मग पेन थांबलं. "नावाच्या जागी काय लिहू? वहिनी?"

सगळे ऐकत होते.

"सातबाऱ्यावर आहे ते लिहा, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे, मग वहीकडे. आणि माझं नाव, माधवचं नाव आणि आमचं आडनाव, सगळं एका दमात लिहून काढलं. कागद बॅगेतून बाहेर आलाच नाही. चार वर्षं जे नाव उताऱ्यावरून काढायला धडपडत होते, ते त्यांना तोंडपाठ होतं.